फौजा गाळात!

नांदगाव तालुक्यात पांझणजवळ गिरणा धरण आहे. एकूण साठा साधारण २१.५ टीएमसी. आता जर्मनीतल्या म्योने धरणाचा आकडा घ्या: ४.७ टीएमसी. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी पाण्यावर टप्पे खाणारा बॉम्ब सोडून जे धरण उडवलं, ज्याच्यावर सिनेमा निघाला, ते हेच. फुटक्या धरणांत याच्याइतकं नाव दुसऱ्या कुणाचं नाही. आपल्या गिरणेत तसली साडेचार मावतात. तरी गिरणेवर सिनेमा नाही. बातमी येते ती आवर्तन सुटल्याची, आणि नांदगावकर ती वाचून पुटपुटतो की धरण आमच्या तालुक्यात, पाटाचं पाणी मात्र खानदेशात.

युद्धाच्या गप्पांत नांदगाव तालुक्याचं नाव कुणी घेतलं, तर परवापरवापर्यंत लोक हसले असते. पण ७ मे २०२५ च्या नागरी संरक्षणाच्या रंगीत तालमीसाठी केंद्राने जी यादी काढली, तिच्यात मुंबई, उरण, तारापूरच्या पंगतीला याच तालुक्यातलं मनमाडही बसलं होतं. कारण शोधायला लांब जायला नको. रेल्वेचं जंक्शन, पानेवाडीचे इंधन डेपो आणि अन्न महामंडळाची गोदामं, सगळं एकाच टापूत.

तर प्रश्न असा: युद्धात धरण फुटलं की फौजेचं नेमकं काय होतं? सिनेमावाले म्हणतात, लोंढा येतो आणि शत्रू वाहून जातो. इतिहास मात्र वेगळंच सांगतो. लोंढ्याने मरतात ती नदीकाठची माणसं आणि गुरं. फौजेला खरं जेरीस आणतो तो मागे राहणारा चिखल. आणि दुसरी गंमत म्हणजे, धरण फोडणारा बहुतेक वेळा शत्रू नसतोच. घरचाच असतो.

आमचंच तळं, आम्हीच फोडलं

सुरुवात घरापासून करू. मनमाडहून दौंडची गाडी धरा, नगरला उतरा आणि पूर्वेकडे भातोडीला जा. इतिहासात हिचं नाव भातवडी. मेहेकरी नदीच्या खोऱ्यातलं हे गाव. इथे निजामशाहीचा वजीर सलाबतखान याने सोळाव्या शतकात तलाव बांधला होता.

साल १६२४. दिल्लीचे मोगल आणि विजापूरचे आदिलशहा एकत्र येऊन निजामशाहीवर चालून आले. निजामशाहीचा गाडा हाकत होता मलिक अंबर. हबशी, कधीकाळी गुलाम म्हणून विकला गेलेला, आता पंचाहत्तरीच्या घरातला. फौज कमी, समोर दोन दोन सल्तनती. अंबरने भातवडीच्या तलावाचा बांध फोडला. पाणी शत्रूच्या तळाकडे पसरलं आणि जमिनीचा राडा झाला. तोफा हलेनात, घोड्यांचे पाय निघेनात. त्यात अंबरने रसद तोडली. छावणीत उपासमार सुरू झाली आणि माणसं पळू लागली. रात्री मराठ्यांच्या घोडदळाचे छापे पडू लागले. शेवटी उघड्यावर लढाई झाली तेव्हा समोरची फौज निम्मी आधीच हरलेली होती. आदिलशाही सरदार मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला, मोगलांचे बडे सरदार कैद झाले.

या लढाईत निजामशाहीच्या बाजूने दोन भाऊ होते: शहाजीराजे आणि शरीफजी भोसले. नगरच्या शाह शरीफ पिरावरून दोघांची नावं ठेवली होती, ही गोष्ट शाळेत ऐकलेली असते. शरीफजी इथेच कामी आले. शहाजीराजांचं नाव दख्खनभर झालं ते इथूनच. आणि पुढच्याच वर्षी शहाजीराजे निजामशाही सोडून आदिलशाहीत गेले, म्हणजे ज्यांना चिखलात घातलं त्यांच्याकडेच!

यातलं लक्षात ठेवण्यासारखं हे की अंबरने पाण्याने कुणाला बुडवलं नाही. त्याने पाण्याने वेळ विकत घेतला. चिखलात अडकलेली फौज खाते तेवढंच आणि पुढे मात्र सरकत नाही. बाकीचं काम उपासाने आणि घोडदळाने केलं.

फोडणाराही तोच, बांधणाराही तोच

बांध फोडणारा मलिक अंबर पाण्याच्या बाबतीत अडाणी नव्हता. उलट! खडकी, म्हणजे आत्ताचं छत्रपती संभाजीनगर, वसवताना त्याने डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. तीच ती नहर-ए-अंबरी. ज्याला पाणी कसं चालतं ते कळतं, त्यालाच ते कुठे सोडायचं हे कळतं.

आणि तलाव बांधणारा सलाबतखान? नगरजवळच्या डोंगरावर लांबूनही दिसणारी तीन मजली इमारत सगळे 'चांदबीबीचा महाल' म्हणून बघायला जातात. तो महाल नाही आणि चांदबीबीचा तर मुळीच नाही. ती सलाबतखानाची कबर आहे. बिचाऱ्याचं तळं फोडलं त्याच्याच राज्याच्या सेनापतीने आणि कबर गेली भलत्याच्या नावावर.

बादशहाचा गुडघा

हा किस्सा धरणाचा नाही, नुसत्या पुराचा आहे. पण सोडवत नाही. ऑक्टोबर १७००. औरंगजेबाची छावणी सांगोल्याकडे माण नदीकाठी खवासपूरला पडली होती. एरवी कोरडी ठणठणीत असणारी माण रात्रीतून फुगली आणि छावणीत शिरली. माणसं, जनावरं, तंबू, सगळं गेलं. गोंधळ ऐकून मराठे आले असं वाटून बादशहा घाईने उठला, पाय अडखळला आणि गुडघा निखळला. तो पुढे कायमचा लंगडला. दरबारी मंडळींनी म्हणे समजूत काढली: हा तर पूर्वज तैमूरलंगाचा वारसा! वर्षानुवर्षं मराठ्यांना न जमलेलं एका दुष्काळी नदीने एका रात्रीत केलं.

नोटेवरचा दरवाजेवाला

१९१४, बेल्जियम. जर्मन फौज समुद्राकडे धडकत होती आणि बेल्जियमच्या हातात देशाचा चिंधीएवढा तुकडा उरला होता. न्यूपोर्ट गावात कालव्यांचे दरवाजे होते. भरतीला समुद्र आत येऊ नये म्हणून ते लावायचे आणि ओहोटीला शेतातलं पाणी जावं म्हणून उघडायचे, हा रोजचा नेम. ऑक्टोबरच्या अखेरीस तो उलटा केला: भरतीला उघडा, ओहोटीला लावा. रात्री हे दरवाजे चालवणाऱ्यांत हेंड्रिक गेरार्ट नावाचा एक नावाडी होता.

पाणी हळूहळू पसरलं. वाहून कुणीच गेलं नाही. गुडघा-मांडीपर्यंतचं पाणी: चालत जायला खोल, होडी घालायला उथळ. मधले चर तर दिसेनासेच झाले. आणि या पाण्याला एका बाजूने अडवलं कशाने? रेल्वेच्या भरावाने! न्यूपोर्ट ते डिक्समाउडे लाइनच्या भरावातल्या मोऱ्या बेल्जियन सैनिकांनी बुजवल्या आणि रेल्वेमार्गाचं धरण करून टाकलं. एका बाजूला जर्मन पाण्यात, दुसऱ्या बाजूला बेल्जियन कोरड्यात. लाइनीच्या कडेला वाढलेल्या मनमाडकराला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही.

ही आघाडी पुढे १९१८ पर्यंत जवळपास तिथेच राहिली. चार वर्षं! माझ्या मते पाण्याच्या युद्धातला हा सगळ्यात चोख प्रयोग. गेरार्टची छबी पुढे बेल्जियमच्या एक हजार फ्रँकच्या नोटेवर आली. नोटेच्या पुढच्या बाजूला राजा, मागे दरवाजेवाला. आपल्याकडे पाटकऱ्याला असा मान मिळाल्याचं ऐकिवात नाही.

गोट्या खेळणारा इंजिनिअर

आता ते सिनेमातलं धरण. म्योने, एडर आणि झोर्पे ही तीन धरणं जर्मनीच्या कारखानदारीसाठी महत्त्वाची मानली जायची. धरणासमोर पाण्यात जाळ्या लावल्या होत्या, त्यामुळे टॉर्पेडो चालत नव्हता. वरून बॉम्ब टाकावा तर नेम बसत नव्हता. बार्न्स वॉलिस या इंग्रज इंजिनिअरने घराच्या अंगणात पाण्याचा टब मांडला आणि त्यावरून गोट्या उडवून बघितल्या. टप्पे खात जाणारी गोटी जाळीवरून जाते, हे त्याला पटलं. मग वेल्समधलं एक छोटं निरुपयोगी धरण प्रयोगासाठी फोडलं. तिथे कळलं की पाण्याखाली, भिंतीला चिकटून स्फोट केला तर बरीच कमी दारू पुरते.

आपल्याकडे खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. संस्था १९१६ ची. तिथे धरणांच्या लहान प्रतिकृती करून पाणी सोडून बघतात. वॉलिस तेच करत होता, फक्त हेतू उलटा.

१६ मे १९४३ च्या रात्री १९ लँकेस्टर विमानं उडाली. बॉम्ब म्हणजे चार टनांच्या वरचं पिंप. सोडण्याआधी ते मिनिटाला ५०० फेरे उलटं फिरवायचं. विमान पाण्यापासून बरोबर ६० फुटांवर पाहिजे. अंधारात ६० फूट मोजायचे कसे? विमानाच्या पोटाखाली दोन दिवे तिरके लावले. दोन्ही कवडसे पाण्यावर एकमेकांना चिकटले की उंची बरोबर. आणि धरणापासूनचं अंतर? लाकडाचा इंग्रजी वाय आकाराचा तुकडा, त्याला दोन खिळे. डोळा लावून बघायचं. धरणावरचे दोन मनोरे खिळ्यांच्या मागे लपले की सोडा बॉम्ब! एवढ्या मोठ्या मोहिमेची दुर्बीण एखाद्या सुताराने दुपारच्या सुट्टीत करून दिली असती.

म्योने पाचव्या बॉम्बला गेलं, एडर तिसऱ्याला. झोर्पे मात्र बधलं नाही. ते मातीच्या भरावाचं होतं, आत काँक्रीटचा गाभा. दगडी भिंतीला तडा जातो आणि पाणी तो रुंद करतं. मातीचा जाडजूड भराव तोच धक्का पोटात घेतो.

आता हिशेब. आठ विमानं पडली, ५३ वैमानिक-सैनिक गेले. खाली सुमारे १,३०० माणसं बुडाली आणि त्यांतले निम्म्याहून जास्त युद्धकैदी आणि परदेशातून वेठीला आणलेले मजूर होते. म्हणजे जर्मनांनी धरून आणलेली, दोस्तांच्याच बाजूची माणसं. कारखाने काही दिवस तहानले, मग सावरले. ऑक्टोबरपर्यंत म्योनेची भिंत पुन्हा उभी राहिली. आणि दुरुस्ती चालू असताना इंग्रजांनी तिथे एकदाही धड हल्ला केला नाही! घमेली घेऊन मजूर भिंतीवर उभे असताना चार साधे बॉम्ब पुरले असते.

मग सगळं फुकट? तसंही नाही. भिंत बांधायला जर्मनांनी हजारो मजूर फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या तटबंदीवरून काढून आणले आणि त्याच किनाऱ्यावर वर्षभराने दोस्त उतरले. शिवाय विमानविरोधी तोफा, जाळ्या आणि पहारे देशभरच्या धरणांवर अडकून पडले. फुटलेल्या दोन धरणांपेक्षा न फुटलेल्या धरणांच्या राखणीचा खर्च जर्मनीला जास्त पडला असावा, असं मला वाटतं.

नळ तुटला, जनरल थांबला

फेब्रुवारी १९४५. अमेरिकन नववी फौज जर्मनीतली रुर नदी ओलांडायला तयार होती. (कारखान्यांचं रुर खोरं वेगळं, नावांचा हा घोळ इंग्रजांनाही होतो.) तारीख ठरली: १० फेब्रुवारी. वरच्या अंगाला श्वामेनआउएल धरण जर्मनांच्या ताब्यात. सगळ्यांना वाटलं, जर्मन ते उडवणार. त्यांनी उडवलं नाही. जाता जाता पाणी सोडायच्या झडपाच मोडून टाकल्या. ना बंद होणार, ना पुरत्या उघडणार.

भिंत फोडली असती तर एक लोंढा येऊन गेला असता आणि दोन-तीन दिवसांनी अमेरिकन पुढे निघाले असते. आता मात्र पाणी एकसारखं, शांतपणे येत राहिलं. काठ बुडाले, पूल टाकायला जागा राहिली नाही आणि या फौजेचा जनरल सिम्पसन दोन आठवडे नदीकाठी थांबला. धरण रिकामं होईपर्यंत त्याच्या हातात काही नव्हतं. २३ फेब्रुवारीला नदी ओलांडली ती पाणी पूर्ण ओसरायच्या आधीच, जर्मन गाफील असताना.

आणि यातही एक वळण आहे. त्या दोन आठवड्यांत उत्तरेला ब्रिटिश-कॅनेडियन फौज एकटी चिखलातून लढत राहिली. जर्मनांनी आपल्या राखीव तुकड्या तिकडे पाठवल्या. अमेरिकन शेवटी नदीपार गेले तेव्हा समोर पातळ फळी उरली होती. म्हणजे ज्यांनी वेळ कमावला, त्यांनीच तो दुसरीकडे उडवला.

डोंगरात टॉर्पेडो

कोरिया, १९५१. ह्वाचोन धरणाचे दरवाजे उघडून उत्तरेकडच्या फौजा खालच्या नदीला हवा तेव्हा फुगवटा आणत होत्या आणि अमेरिकनांचे तरते पूल वाहून जात होते. बॉम्ब टाकून दरवाजे फुटेनात. मग कुणाला तरी आठवलं की आपल्या विमानवाहू जहाजावर जुने टॉर्पेडो पडून आहेत. १ मे रोजी आठ स्कायरेडर विमानं डोंगरांच्या कुशीतल्या जलाशयावर उतरत आली आणि जहाजांसाठी केलेले टॉर्पेडो धरणाच्या दरवाजांवर सोडले. दरवाजा फुटला आणि फुगवट्याचा खेळ संपला. त्या युद्धात टॉर्पेडोला एवढंच काम मिळालं. नौदलाच्या त्या तुकडीने पुढे 'डॅमबस्टर्स' हेच नाव घेतलं.

अलिबागचा गडी आणि पॅटन

आता आपल्या देशातली, आणि मराठी माणसाची गोष्ट. सप्टेंबर १९६५. पाकिस्तानची पहिली चिलखती डिव्हिजन खेमकरणच्या बाजूने पंजाबात घुसली. तिच्याकडे अमेरिकन पॅटन रणगाडे होते, त्या काळातला अव्वल माल. पुढे बियास नदीवरचा पूल गाठायचा आणि अमृतसरचा संपर्क तोडायचा, असा बेत.

असल उत्तर गावाभोवती मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांच्या चौथ्या माउंटन डिव्हिजनने घोड्याच्या नालेसारखा व्यूह धरला. शेतात ऊस पुरुषभर उंच. आणि आसपासच्या कालव्या-नाल्यांचं पाणी शेतात सोडून जमीन भिजवली. पॅटन वरून पोलादी, पण वजन पंचेचाळीस टनांच्या वर. मऊ जमिनीत ते रुतू लागले आणि वळसा घालायला गेलेले नेमके सापळ्यात आले. खोल पाणी कुठेच नव्हतं. लोंढा तर नव्हताच. नुसतं शेत भिजवलेलं, उसाला भरपूर पाणी दिल्यावर होतं तेवढं.

डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट तिथे जुन्या शर्मन रणगाड्यांनिशी लढत होती, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला माल. तिचे कमांडर लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार श्रीधर वैद्य, जन्म अलिबागचा, १९२६ सालचा. त्यांना महावीरचक्र मिळालं. १९७१ ला दुसऱ्यांदा मिळालं आणि १९८३ ला ते लष्करप्रमुख झाले. हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने पॅटन फोडले ते याच रणांगणात. १० सप्टेंबरला त्यांना वीरमरण आलं आणि मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. सुमारे ९७ पाकिस्तानी रणगाडे निकामी झाले किंवा हाती लागले. त्यांतले अनेक भिखीविंडजवळ ओळीने उभे केले आणि त्या जागेला लोकांनी नाव दिलं 'पॅटननगर'.

त्याच युद्धात लाहोरच्या बाजूला उलट चित्र होतं. पाकिस्तानने इच्छोगिल कालवा खोदलाच होता मुळी भारतीय रणगाडे अडवायला. पाटबंधारे खातं आणि लष्कर एकाच कुदळीने खणत होतं म्हणा ना.

हसू नये अशी गोष्ट

जून १९३८. जपानी फौजा चीनमधल्या झेंगझौ शहराकडे येत होत्या. चीनचा सर्वेसर्वा च्यांग काय-शेकच्या हुकमाने चिनी सैन्यानेच ह्वायुआनकोऊला पिवळ्या नदीचा बांध फोडला. सरकारने सांगितलं की जपानी विमानांनी फोडला. नदीने पात्र बदललं. झेंगझौ तेवढ्यापुरतं वाचलं, जपान्यांच्या गाड्या गाळात अडकल्या आणि मोहीम लांबली. ज्या वुहान शहरासाठी हे केलं, ते ऑक्टोबरमध्ये पडलंच. आणि बुडून, उपासमारीने, रोगराईने मेलेल्या चिनी शेतकऱ्यांचे अंदाज काही लाखांत आहेत. नदी जुन्या पात्रात परत आली ती १९४७ ला. चटपटीत लिहिण्याच्या नादात हा आकडा इतर आकड्यांच्या रांगेत बसवता येत नाही.

सोव्हिएतांनी १९४१ च्या ऑगस्टमध्ये झापोरिझ्झियाचं द्नीपर धरण उडवलं तेही स्वतःचंच. जर्मन काही आठवडे थांबले, तेवढ्यात शहरातले कारखाने उचलून पूर्वेला नेता आले. पण खालच्या अंगाला त्यांचीच माणसं आणि त्यांचेच सैनिक होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

एकाच देशात दोन नद्या

युक्रेनने हा सगळा धडा अवघ्या सोळा महिन्यांत पुन्हा लिहिला. फेब्रुवारी २०२२: रशियन फौज कीव्हच्या वेशीवर. युक्रेनियनांनी इरपिन नदीच्या मुखाशी असलेला बांध स्वतःच फोडला. डेमिडिव्ह गावाची शेतं आणि तळघरं पाण्याखाली गेली, नदीकाठची जुनी दलदल जिवंत झाली आणि रशियन रणगाड्यांना कीव्हकडे त्या बाजूने वाट राहिली नाही. छोटी नदी, उथळ पाणी, भरपूर चिखल. राजधानी वाचवण्यात त्याचा मोठा वाटा.

६ जून २०२३: काखोव्का. रशियाच्या ताब्यातलं धरण पहाटे फुटलं. युक्रेन आणि अनेक तज्ज्ञ रशियाकडे बोट दाखवतात, रशिया हात झटकतो. साठा १८ घन किलोमीटर, म्हणजे ६३० टीएमसीच्या वर. आपलं जायकवाडी १०२ टीएमसीचं. तशी सहा एका वेळी फुटली असं समजा. युक्रेनला खालच्या द्नीपरवरून पलीकडे जाणं काही काळ अशक्य झालं, हे खरं. पण डावा काठ सखल, आणि तिथेच रशियाचे पुढचे खंदक होते. तेही बुडाले. पेरून ठेवलेले भूसुरुंग वाहत भलतीकडेच गेले. कुठला सुरुंग कुठे आहे हे पेरणाऱ्यालाही ठाऊक राहिलं नाही. क्रिमियाला पाणी नेणारा कालवा याच जलाशयातून निघतो आणि त्या पाण्यासाठी रशियाने किती आटापिटा केला होता! तोही कोरडा पडला. आणि जलाशय आटल्यावर त्याच्या तळात विलो आणि पॉपलरचं रान माजलं. आधी लोकांना वाटलं होतं, वाळवंट होईल.

चार मीटरचा शहाणपणा

जानेवारी १९९३, क्रोएशिया. पेरुचा धरणात सर्ब सैन्याने वीस-तीस टन दारू ठासली आणि २८ तारखेला उडवली. स्फोट झाला, भराव खचला, पण धरण तगलं. खालच्या खोऱ्यातली हजारो माणसं वाचली. कारण? तिथे संयुक्त राष्ट्रांचा निरीक्षक म्हणून मार्क ग्रे नावाचा ब्रिटिश नौसैनिक अधिकारी होता. त्याने आधीच सांडव्याचा दरवाजा उघडून पाणी सुमारे चार मीटर उतरवून ठेवलं होतं. भराव खचला, पण पाणी माथ्यापर्यंत पोचलं नाही.

मातीच्या धरणावरून पाणी गेलं की काय होतं, हे महाराष्ट्राला कुठल्याही शत्रूशिवाय कळलेलं आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. आदल्या रात्री लष्कराचे जवान खचत्या भरावावर वाळूची पोती रचत होते. धरण वाचलं नाही, पण सकाळपर्यंत टिकलं. पुण्यात लोंढा शिरला तो दिवसाउजेडी, लोक जागे असताना. रात्री शिरला असता तर मेलेल्यांचा आकडा कुठे गेला असता, याचा विचार जुने पुणेकर आजही बोलून दाखवतात.

तीन नारिंगी गोळे

धरणावर हल्ला करू नये असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. जिनेव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलचं ५६ वं कलम सांगतं: धरणं, बांध आणि अणुवीज केंद्रं यांच्यावर हल्ला केल्याने सामान्य माणसांचा मोठा संहार होणार असेल, तर ती लष्करी लक्ष्य असली तरी हात लावू नका. पळवाटा आहेतच. अशा ठिकाणांवर लावायला एक खूणही ठरलेली आहे: एका ओळीत तीन भडक नारिंगी गोळे. नियम पाळणाऱ्याला ती दिसली की तो दूर राहील. न पाळणाऱ्याला ती दिसली की त्याचा नकाशा वाचायचा त्रास वाचेल.

भारत या प्रोटोकॉलमध्ये नाही. पाकिस्तानने सही केली, पण मान्यतेचा शेवटचा शिक्का मारलेला नाही. अमेरिकेचंही तेच. मे २०२५ मध्ये पाकिस्तानने आरोप केला की भारताने नीलम-झेलम प्रकल्पाच्या नोसेरी धरणावर मारा केला. भारताने तो साफ फेटाळला. दोन्ही देशांत एक वेगळा करार मात्र आहे, ३१ डिसेंबर १९८८ चा. त्यानुसार दर १ जानेवारीला दिल्ली आणि इस्लामाबाद एकमेकांना यादी देतात की या इतक्या ठिकाणांवर हल्ला करायचा नाही. कारगिल झालं तरी हा रिवाज मोडला नाही. यादी फक्त अणुकेंद्रांची असते. आपलं भाक्रा धरण तिच्यात नाही, पाकिस्तानचं मंगला नाही आणि तरबेलाही नाही.